सोसायटीच्या ग्रुपवर एक रूप आणि जिन्यात दुसरे: माणसाच्या वागण्यात हा फरक कशामुळे पडतो?

प्रश्न | सचिव, जुळे सोलापूर

आमची गृहनिर्माण संस्था जुळे सोलापुरात आहे. चाळीसेक सदनिका आहेत. निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, शहराच्या पूर्व भागातून इकडे राहायला आलेले यंत्रमागधारक, होटगी रस्त्यावर दवाखाना असलेले एक डॉक्टर असे सर्व प्रकारचे लोक येथे राहतात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चारही भाषा एकाच जिन्यात ऐकू येतात, आणि सणावाराला फराळाची ताटे एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जातात. प्रत्यक्ष भेटीत कोणी कोणाशी वाईट वागल्याचे मला आठवत नाही.

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको. पाणी आले की ते जमिनीखालच्या टाकीत साठवायचे, मोटारीने वरच्या टाकीत चढवायचे आणि पुढची पाळी येईपर्यंत पुरवायचे, हे काम आमचे एक सदस्य कोणताही मोबदला न घेता पाहतात. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो आणि त्याची वर्गणी काढावी लागते. या वर्गणीवरून ग्रुपवर जी भाषा वापरली गेली, ती वाचून मी अस्वस्थ झालो. जे गृहस्थ जिन्यात भेटले की माझ्या आईच्या गुडघेदुखीची आवर्जून चौकशी करतात, त्यांनीच रात्री उशिरा लिहिले की टँकरच्या हिशेबात कोणीतरी हात मारलेला दिसतो. त्यावर आणखी चारपाच जणांनी लिहिले आणि प्रत्येक संदेश आधीच्यापेक्षा जास्त तिखट होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गृहस्थ आणि पाण्याचे काम पाहणारे सदस्य पार्किंगमध्ये नेहमीसारखे बोलत उभे होते. पुढच्या सभेत मी तो विषय मुद्दाम कार्यक्रमपत्रिकेवर घेतला, तर एकही जण बोलला नाही.

याच्या अगदी उलट गोष्टही घडते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सुनेने टाकीची क्षमता, मोटारीची वेळ आणि दर सदनिकेचा वापर यांचा इतका व्यवस्थित हिशेब ग्रुपवर मांडला की आम्ही त्यावरून मोटारीची वेळ बदलली. सभेत मात्र तिने आजवर तोंड उघडलेले नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. माणसाचे खरे मत कोणते समजावे, ग्रुपवरचे की समोरचे? आणि सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची आहे, ती ऑनलाइन घ्यावी असे काही सदस्य म्हणतात. ते योग्य होईल का? मला कोणाची निंदा करायची नाही. शेजार टिकला पाहिजे, एवढ्यासाठीच विचारतो आहे.

उत्तर १ | मानसशास्त्राची प्राध्यापिका

सचिव साहेब, तुमच्या पहिल्या प्रश्नात असे गृहीत धरलेले आहे की दोन रूपांपैकी एक खरे आणि दुसरे मुखवटा आहे. मला वाटते की तिथेच विचाराला वेगळे वळण द्यावे लागेल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या विषयावर एक लेख लिहिला, जो आजही या अभ्यासाचा पाया मानला जातो. पडद्याआड गेल्यावर माणसाचा संकोच का सुटतो याची सहा कारणे त्यांनी दिली. आपली ओळख कृत्यापासून वेगळी ठेवता येणे, आपण कोणाला दिसत नसणे, उत्तर लगेच समोर न येणे, वाचलेला मजकूर आपल्याच मनातल्या आवाजात ऐकू येणे, तो सगळा व्यवहार खऱ्या आयुष्याबाहेरचा वाटणे आणि समोरच्याचा मान किंवा अधिकार जाणवेनासा होणे, ही ती कारणे होत. संकोच सुटला म्हणजे आतला खरा माणूस बाहेर आला, हे मत त्यांनी त्याच लेखात नाकारले आहे. परिस्थिती बदलली की स्वभावातल्या वेगवेगळ्या भागांची जुळणी बदलते आणि प्रत्येक जुळणी त्याच माणसाची असते, असे त्यांचे म्हणणे आहे. तुमचे ते गृहस्थ आईची चौकशी करतात तेव्हा खोटे वागत नाहीत आणि रात्री संशय घेतात तेव्हाही खोटे वागत नाहीत.

तुमच्या उदाहरणात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तेथे कोणीच निनावी नाही. नाव, सदनिका क्रमांक, फोटो, सगळे सर्वांना ठाऊक आहे. लोक नाव लपवतात म्हणून वाईट वागतात, हे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण येथे लागूच पडत नाही. हैफा विद्यापीठातल्या नोआम लापिडॉट-लेफ्लर आणि अझी बराक यांचा २०१२ मधला प्रयोग यासाठी उपयोगी आहे. त्यांनी १४२ जणांच्या जोड्या लावल्या आणि त्यांना एका अवघड पेचावर संगणकावरून लेखी चर्चा करायला लावली. काही जोड्यांना एकमेकांची नावे माहीत होती, काहींना नव्हती. काहींना समोरची व्यक्ती पडद्यावर दिसत होती, काहींना दिसत नव्हती. आणि काही जोड्यांना एकमेकांच्या डोळ्यांत पाहता येत होते. कडवटपणा वाढण्याशी सर्वांत ठळक संबंध आढळला तो नजरानजर नसण्याचा. निनावीपणाचा प्रभाव त्यामानाने कमी होता.

समोर बोलताना आपले वाक्य अर्धे झालेले असतानाच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटते, आणि उरलेले अर्धे वाक्य आपण नकळत मऊ करतो. ‘हिशेबात कोणीतरी हात मारलेला दिसतो’ हे वाक्य पार्किंगमध्ये सुरू झाले असते, तर ते बहुधा ‘हिशेब एकदा सगळ्यांना दाखवून टाका’ असे संपले असते. ग्रुपवर ही दुरुस्ती करणारे कोणी समोर नसते.

उत्तर २ | टॉवेल-चादरीचा व्यापारी, अशोक चौक

प्राध्यापिका मॅडमनी लिहिलेले मला धंद्यातून पटते. आमचा माल बाहेरगावी जातो आणि निम्म्याहून अधिक बोलणे आता व्हॉट्सअपवर होते. नमुन्याचा फोटो, रंग, नगांची संख्या, ट्रान्सपोर्टची पावती या गोष्टींसाठी त्याच्यासारखे साधन नाही, कारण लिहिलेले राहते आणि पुढे वाद होत नाही. उधारीची आठवण मात्र आमच्याकडे कोणी लेखी करायची नाही, हा वडिलांच्या काळापासूनचा नियम मी मोबाइल आल्यावरही सोडला नाही. पूर्वी पत्राने उधारी मागत नसत, माणूस जात असे. आता निदान फोन तरी करावा लागतो. ‘रक्कम बाकी आहे’ हे तीन शब्द समोरचा कोणत्या प्रसंगी वाचेल, हे आपल्याला माहीत नसते. त्याच्या घरी आजारपण असेल, त्याचा स्वतःचा पैसा अडकला असेल, तर तेच तीन शब्द त्याला अपमानासारखे लागतात. फोनवर आपण आधी ख्यालीखुशाली विचारतो, त्याचा आवाज कसा आहे ते कळते आणि मग विषय काढायचा की नाही ते ठरवता येते.

माझी मुलगी पुण्यात शिकते. तिने मला जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ मधल्या एका अभ्यासाची माहिती दिली, ती येथे देतो. काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने म्हणायची होती, आणि समोरच्याने त्यातला फरक ओळखायचा होता. पाठवणाऱ्यांचा अंदाज असा होता की सुमारे ७८ टक्के वेळा फरक ओळखला जाईल, मग ते बोलून कळवलेले असो वा ईमेलने. आवाजातून तो सुमारे ७३ टक्के वेळा ओळखला गेला, ईमेलमधून मात्र ५६ टक्के वेळाच, म्हणजे नाणे उडवून मिळेल त्याहून थोडासाच अधिक. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा सूर वाजत असतो, म्हणून तो सूर कागदावर उतरला आहे अशी त्याची खात्री असते.

संवादातला ९३ टक्के भाग हावभाव आणि आवाज यांचा असतो, असेही मी एका व्यापारी मेळाव्यात ऐकले होते. ते खरे असेल तर लिहिण्यात उरतेच काय, असा प्रश्न पडतो. जाणकारांनी यावर सांगावे.

उत्तर ३ | मानसशास्त्राची प्राध्यापिका

तो आकडा व्याख्यानांतून फार फिरतो, पण तो तसा वापरणे चुकीचे आहे. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांवरून तो काढलेला आहे. त्या प्रयोगांत एकेक सुटा शब्द किंवा चेहऱ्याचा फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नावडते, एवढेच ओळखायचे होते. सर्व प्रकारच्या संवादाला हे प्रमाण लावू नये, असे मेहराबियन यांनीच पुढे स्पष्ट केले. टाकीची क्षमता किती लिटर आहे हे हावभावांतून कळत नाही. त्यासाठी शब्द आणि आकडेच लागतात. तुमच्या नगांच्या संख्येचेही तसेच. भावना, रोख आणि हेतू यांची गोष्ट निराळी आहे, आणि तुमचा उधारीचा नियम नेमका त्याच ठिकाणी लागू पडतो.

उत्तर ४ | पूर्व भागातली लेक, जुळे सोलापुरातली सून

मी सचिवांच्या संस्थेत राहत नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सुनेच्या जागी मी स्वतःला सहज पाहू शकते, म्हणून लिहिते आहे. आतापर्यंतची सर्व उत्तरे असे मानून चालली आहेत की समोरासमोर माणूस सभ्य असतो आणि ग्रुपवर त्याचा ताबा सुटतो. माझा अनुभव तसा नाही.

माझे माहेर तेलुगू भाषिक पद्मशाली कुटुंबातले. वडील मागावर काम करायचे, आई घरी विड्या वळायची. शाळा मराठी माध्यमाची असल्याने मी मराठी लिहिते तेव्हा कोणाला काही वेगळे जाणवत नाही, पण बोलताना उच्चारात माहेरची भाषा डोकावते. आमच्या सभेत मी एकदा देखभालखर्चाविषयी बोलायला उभी राहिले. दुसऱ्या वाक्याला कोणीतरी हसले, तिसऱ्या वाक्याला एका ज्येष्ठांनी ‘बसा ताई, आम्ही बघतो’ असे म्हटले आणि चर्चा पुढे गेली. सर्वांची भाषा अत्यंत सौम्य होती. कोणी आवाज चढवला नाही. सचिव साहेबांनी ती सभा पाहिली असती तर त्यांना ती सभ्यच वाटली असती, याची मला खात्री आहे.

सभा कशी भरते ते पाहावे. रविवारी सकाळी अकराची वेळ असते, म्हणजे घरात स्वयंपाक चुलीवर असतो. पुढच्या खुर्च्या ठरलेल्या असतात. सासरे जेथे बसलेले असतात, तेथे सुनेने त्यांच्या मताविरुद्ध बोलायचे नसते, हे कोणी सांगत नाही, पण सर्वांना ठाऊक असते. ज्याचा आवाज मोठा आहे त्याला मध्ये बोलता येते, आणि ज्याला मध्ये बोलता येत नाही त्याचा मुद्दा राहून जातो. ग्रुपवर माझे वाक्य कोणी तोडू शकत नाही. मी रात्री सगळे आवरल्यावर शांतपणे लिहिते, दोनदा तपासते, आकडे पडताळते आणि मग पाठवते. मॅडमनी सांगितलेल्या सहा कारणांपैकी शेवटचे, म्हणजे समोरच्याचा मान आणि अधिकार जाणवेनासा होणे, हे माझ्यासाठी संकट नसून सोय आहे. समोरासमोरच्या सौजन्यातला मोठा भाग हा मानपानाचा असतो, आणि त्या मानपानात ज्याची जागा खाली आहे त्याच्यासाठी ते सौजन्य गप्प बसवणारे असते.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगते. मी आमच्या संस्थेच्या ग्रुपवर हिशेब मांडला त्या रात्री दोघांनी मला पर्सनलवर संदेश पाठवले. एकाने लिहिले की बायकांनी या भानगडीत पडू नये. दुसऱ्याचे कौतुक इतके सलगीचे होते की मी त्याचा नंबर ब्लॉक केला. हे दोघेही मला जिन्यात वाट सोडून उभे राहतात. ग्रुपवर सर्वांसमोर हे लिहिण्याचे धाडस त्यांनी केले नसते, आणि जिन्यात बोलण्याचेही केले नसते. ऑनलाइन म्हणजे एकच जागा नव्हे. चारचौघांत लिहिणे आणि एकट्याला गाठून लिहिणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि स्त्रियांना ते रोज मोजावे लागते.

उत्तर ५ | विद्यापीठातला संशोधक

अक्कांचे उत्तर मला या चर्चेतले सर्वांत महत्त्वाचे वाटते. मी त्याच दिशेने एक शंका मांडतो. सचिव साहेबांनी ग्रुपवरच्या भांडणाची तुलना जिन्यातल्या नमस्काराशी केली आहे. जिन्यात वाद नसतोच. तेथे सर्वच जण चांगले वागतात. तुलना करायची तर वादाची वादाशी करायला हवी. टँकरच्या वर्गणीवर समोरासमोर बोलण्याची वेळ आली तेव्हा तेच गृहस्थ कसे वागतात, हे पाहायला हवे.

डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठाचे अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांनी अमेरिका आणि डेन्मार्क या दोन देशांतल्या राजकीय चर्चांचा अभ्यास केला. तो २०२२ च्या ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’मध्ये छापून आला आहे. ऑनलाइन चर्चा अधिक कडवट वाटते, हे लोकांनी सांगितले. पण चांगली माणसे इंटरनेटवर येऊन बिघडतात, या समजाला तेथे फारसा आधार मिळाला नाही. जे ऑनलाइन आक्रमक होते, ते बहुतांशी प्रत्यक्षातही आक्रमकच होते. फरक असा की प्रत्यक्षातले त्यांचे वागणे आसपासच्या मोजक्या लोकांना दिसते, तर ऑनलाइन ते हजारोंना दिसते. तुमच्या चाळीस घरांतल्या चारपाच जणांनी लिहिले आणि पस्तीस घरे गप्प राहिली, पण मोबाइलच्या पडद्यावर त्या पस्तीस घरांची शांतता दिसत नाही. सभागृहात ती दिसते, आणि बोलणाऱ्याला तिचा धाकही वाटतो.

याला पूरक ठरणारा आणखी एक अभ्यास आहे, आणि तो थोडी वेगळी गोष्ट सांगतो. जस्टिन चेंग आणि त्यांच्या स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल येथील सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की सामान्य माणूसही विशिष्ट स्थितीत त्रासदायक लिहितो. ज्यांना आधी सोपी प्रश्नपत्रिका दिली होती आणि ज्यांच्यासमोर सौम्य प्रतिक्रिया होत्या, त्यांच्यापैकी ३५ टक्के लोकांनी असे लिखाण केले. ज्यांना अवघड प्रश्नपत्रिकेने चिडवले होते आणि ज्यांच्यासमोर आधीच कडवट प्रतिक्रिया होत्या, त्यांच्यात हे प्रमाण ६८ टक्के झाले. एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या प्रतिक्रिया तपासल्यावर त्यांना असेही आढळले की असे लिखाण रात्री उशिरा वाढते. पाणी न आलेल्या दिवसाच्या रात्री, दिवसभराच्या उन्हाने आणि घागरी भरण्याने थकलेला माणूस, ज्याच्यासमोर आधीच एक तिखट संदेश आहे, तो काय लिहील याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

गर्दीत माणूस भान हरपतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी १९६९ मध्ये मांडले होते, आणि बरीच वर्षे इंटरनेटलाही हाच सिद्धांत लावला गेला. पुढे १९९०च्या दशकात स्टीफन रायशर, रसेल स्पिअर्स आणि टॉम पोस्टमेस यांनी त्याला आव्हान दिले. त्यांचे म्हणणे असे की गर्दीत माणूस स्वतःला विसरतो तेव्हा तो नियमहीन होत नाही, तर त्या समूहाचे नियम अधिक घट्ट पाळतो. सोलापूरकरांना याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, बाराबंदी घातलेली हजारो माणसे रस्त्यावर असतात, कोण कोणाचा हे कळत नाही, आणि तरीही नंदीध्वजाला वाट देताना गर्दी आपोआप मागे सरते. तेथे समूहाचा नियमच वाट देण्याचा आहे. तुमच्या ग्रुपवर पहिले तीन संदेश संशयाचे आले आणि त्या रात्रीपुरता संशय हाच ग्रुपचा नियम ठरला.

उत्तर ६ | वकील, सातरस्ता

कायद्याच्या अंगाने थोडक्यात लिहितो, कारण अनेक सचिव भीतीने ग्रुप बंद करून टाकतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निर्णय दिला आहे की एखाद्या सदस्याने ग्रुपवर आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून केवळ ग्रुप अॅडमिन असल्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही. त्यात त्याचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसावे लागते. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले आहे, त्यामुळे त्याची धमकी देणाऱ्याकडे लक्ष देऊ नये. मात्र अब्रुनुकसानी हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये कायम आहे. कोणी पैसे खाल्ले असे आधाराशिवाय लिहिणे आणि ते चाळीस घरांनी वाचणे, ही गोष्ट पार्किंगमध्ये पुटपुटण्याइतकी हवेत विरत नाही. स्क्रीनशॉट राहतो.

नाव उघड केल्याने लोक सुधारतात, या समजुतीविषयीही सांगतो. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्यासाठी खऱ्या ओळखीची सक्ती केली होती. तेथील संविधान न्यायालयाने २०१२ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. निर्णयात असेही नोंदवले गेले की त्या सक्तीमुळे बेकायदा लिखाण लक्षणीय घटल्याचे दिसत नाही.

अक्कांना एवढेच सांगतो की पर्सनलवर आलेले असे संदेश पुसून टाकू नयेत, जपून ठेवावेत.

प्रश्नकर्ता | सचिव, जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. संशोधक सरांचा मुद्दा मला सर्वाधिक लागला, कारण जिन्यातल्या सौजन्यावरून मी सभेतले सौजन्य गृहीत धरले होते. अक्का, तुमचे उत्तर वाचून मी आमच्या मागच्या सभांची इतिवृत्ते काढून पाहिली. बोललेल्यांच्या यादीत स्त्रियांची नावे जवळजवळ नाहीत, आणि आमच्या सभेची वेळही रविवारी सकाळी अकराच आहे.

दुसरा प्रश्न अजून उरला आहे. काही सदनिकांचे मालक हैदराबादला आणि पुण्याला असतात, म्हणून सभा व्हिडिओवर घ्यावी अशी मागणी आहे. व्हिडिओवर चेहरा दिसतो, म्हणजे नजरेचा प्रश्न सुटतो, असे मला वाटते. हे बरोबर आहे का?

उत्तर ७ | मानसशास्त्राची प्राध्यापिका

पूर्णतः बरोबर नाही. व्हिडिओवर चेहरा दिसतो, पण नजर भेटत नाही, कारण कॅमेरा पडद्याच्या वर असतो आणि आपण पाहतो पडद्याकडे. समोरच्याला आपण सतत थोडे खाली पाहत असल्यासारखे दिसतो. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये यावर लिहिले आहे: अनेक चेहरे एकाच वेळी जवळून आपल्यावर रोखलेले दिसणे, त्यांत स्वतःचाही चेहरा सतत दिसणे, आणि चौकटीत राहण्यासाठी अंग आखडून बसणे, यांनी थकवा येतो.

त्याहून मोठी अडचण वेळेच्या अंतराची आहे. संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यामधले अंतर अतिशय लहान असते. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांचा अभ्यास केला, तेव्हा ते सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा आढळले. इंटरनेट थोडे मंदावले तरी हा ताल तुटतो. २०१४ मध्ये कॅटरिन शोएनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दूरध्वनीवर आवाज उशिरा पोहोचत असेल तर लोक दोष यंत्राला न देता माणसाला देतात. समोरचा लक्ष देत नाही किंवा तुटक वागतो आहे, असे त्यांना वाटते. वादाच्या विषयावर हे घातक ठरू शकते.

म्हणून दूरच्या मालकांना व्हिडिओने जोडून घ्यायला हरकत नाही, पण टँकरचा हिशेब हा विषय खोलीत बसलेल्यांनी खोलीतच बोलावा, असे माझे मत आहे. व्यापारी काकांनी उधारीबद्दल सांगितलेले येथे तंतोतंत लागू आहे. जूलियाना श्रोडर, मायकेल कार्डास आणि निकोलस एप्ली यांच्या २०१७ मधल्या प्रयोगांत, वादग्रस्त मुद्द्यावर आपल्याविरुद्ध मत असलेल्या माणसाचे म्हणणे लोकांनी वाचले, तेव्हा तो त्यांना कमी समंजस, कमी विचारी वाटला. तेच म्हणणे त्याच्या आवाजात ऐकले, तेव्हा मतभेद कायम राहूनही तो माणूस अधिक विचारी वाटला. केवळ आवाज पुरेसा ठरला, चेहऱ्याची गरज त्यासाठी पडली नाही. ज्याच्यावर संशय घेतला गेला आहे, त्या सदस्याचा आवाज सर्वांनी ऐकला पाहिजे.

उत्तर ८ | पूर्व भागातली लेक, जुळे सोलापुरातली सून

मॅडम म्हणतात तसे हिशेब खोलीत व्हावा, हे मान्य. पण खोली जशी आहे तशीच ठेवून तो केला, तर पुन्हा तेच तीनचार जण बोलतील आणि बाकीचे घरी जाऊन ग्रुपवर लिहितील. म्हणून सचिव साहेब, सभेआधी आठवडाभर प्रश्न लेखी मागवावेत. ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी द्यावे, ज्यांना द्यायचे नाही त्यांचा प्रश्न केवळ प्रश्न म्हणून घ्यावा. तो वाचण्याचे काम समितीतल्या कोणी करू नये, कारण वाचणाऱ्याच्या सुरावरून अर्धे उत्तर ठरते. डॉक्टरांना किंवा निवृत्त शिक्षकांपैकी एखाद्याला सांगावे. टँकरच्या पावत्यांचे फोटो सभेच्या आधीच ग्रुपवर टाकावेत, म्हणजे आकड्यांवर सभेत वेळ जाणार नाही आणि बोलायला केवळ माणसे उरतील. पाण्याचे काम पाहणाऱ्या सदस्यांना पहिल्यांदा बोलू द्यावे आणि त्यांचे होईपर्यंत कोणी मध्ये बोलू नये, हे अध्यक्षांनी आधीच जाहीर करावे. तोच नियम स्त्रियांच्या बोलण्यालाही लावावा.

आणि वेळ बदलावी. आमच्याकडे आता शनिवारी संध्याकाळी साडेसातला सभा घेतात, जेवणाच्या आधी संपवतात, आणि पाणी येण्याची पाळी त्या दिवशी असेल तर सभा पुढे ढकलतात.